खड्ड्याला विमा नसतो, पण मालक असतो

‘काळाचा घाला’ हे दोन शब्द मराठी बातम्यांतून काही वर्षं तरी हद्दपार करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दुचाकी खड्ड्यात आदळते, मागे बसलेली बाई डांबरावर पडते, डोक्याला मार लागतो, सेवाग्राम नाहीतर सावंगीला नेतात, आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो: काळाचा घाला. अरे, कोणता काळ? त्या रस्त्याचं टेंडर काळाने भरलं होतं का? मोजमाप पुस्तिकेवर सही काळाची आहे का? बिल काळाच्या खात्यात जमा झालं का? रस्त्याला खातं असतं, ठेकेदार असतो, अभियंता असतो, दोष दुरुस्तीची मुदत असते. फक्त माणूस मेला की यातलं कोणीच नसतं, आणि सगळा भार यमावर जातो.

पोलिसांत काय होतं तेही सांगतो. बऱ्याचदा गुन्हा दुचाकी चालवणाऱ्यावरच दाखल होतो, निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणून. म्हणजे पोराने आईला गमावलं आणि कागदावर आरोपीही तोच. खड्ड्याचं नाव पंचनाम्यात आलं तर आलं.

ही पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरी गेल्या दोन-तीन वर्षांत रस्त्यावर कोणी गेलं असेल किंवा कायमचं जायबंदी झालं असेल, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील यांचं खंडपीठ. प्रकरण नवीन नव्हतं. २०१३ मध्ये त्याच न्यायालयातले न्या. गौतम पटेल यांनी रस्त्यांच्या दशेबद्दल पत्र लिहिलं, त्यावर न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, आणि तेव्हापासून आदेशांवर आदेश निघत होते. खड्डे तसेच. शेवटी न्यायालयाने पैशाची भाषा वापरली. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस मेला तर वारसांना ६ लाख रुपये. जखमीला दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. हे पैसे देण्याची जबाबदारी त्या रस्त्याच्या मालकाची, आणि ते नंतर दोषी ठेकेदाराकडून, अधिकाऱ्याकडून वसूल करायचे.

रक्कम ठरवायला समिती. नगर परिषदेच्या हद्दीत ही समिती म्हणजे मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा महामार्ग प्राधिकरणाचा असेल तर त्या खात्याचा वरिष्ठ, पण विधी सेवा प्राधिकरणाचा सचिव तिथेही हवाच. घटना कळल्यापासून ७ दिवसांत पहिली बैठक, त्यानंतर किमान १५ दिवसांतून एकदा. अर्जावरूनही दखल घ्यायची, वर्तमानपत्रातल्या बातमीवरूनही घ्यायची. दावा आल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे. दिले नाहीत तर मुख्याधिकारी व्यक्तिशः जबाबदार, वर ९ टक्के व्याज. आणि खड्डा लक्षात आणून दिला की ४८ तासांत बुजवायचा.

आता मला सांगा, आपल्या जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी रेल्वे अशा सहा नगर परिषदा आहेत. यापैकी कोणत्या कार्यालयाच्या दारावर तुम्ही या समितीचा बोर्ड पाहिला? थकीत मालमत्ता कराच्या वसुलीचे भोंगे मात्र गल्लीगल्लीत फिरतात. कराचं भोंग्यावर कळवता येतं, तर खड्ड्यात पडलेल्याला ‘अर्ज इथे द्या’ हे का नाही कळवता येत?

कारण देणाऱ्याला ‘मदत’ आवडते, ‘भरपाई’ आवडत नाही. हा फरक समजून घ्या, माझी सगळी तक्रार याच्यातच आहे. सरकारी भाषेत मदतीला सानुग्रह अनुदान म्हणतात. शब्दातच अनुग्रह आहे. म्हणजे साहेबांची कृपा. ती किती द्यायची हे मंत्री ठरवतो, मृतांची संख्या आणि टीव्हीचे कॅमेरे पाहून ठरवतो. एकाच वेळी पंचवीस मेले तर जाहीर होते. रोज एक याप्रमाणे पंचवीस मेले तर होत नाही. भरपाई ही कृपा नसते. एकाच्या चुकीने दुसऱ्याचं जे गेलं ते मोजून परत करणं म्हणजे भरपाई. ती हिशेबाने निघते आणि कोर्टात मागता येते. मदतीचा मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक होतो, चारजण धरतात, फोटो निघतो. कोर्टाच्या निवाड्याचा फोटो कोणी काढत नाही.

१ जुलै २०२३ ची पहाट आपला जिल्हा विसरलेला नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली, २५ माणसं जळून गेली. त्यात आपल्या वर्ध्याचीही लेकरं होती, शिकायला, नोकरीला निघालेली. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून २ लाख. सात लाख. टीव्हीवर आकडा झळकला आणि लोकांना वाटलं, चला, काहीतरी मिळालं.

आता कायद्याचा हिशेब करून पाहू. कोणा एकाचा नाही, नमुन्याचा. समजा मुलगा २४ वर्षांचा, अविवाहित, खासगी कंपनीत महिना २५ हजार पगार. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत सूत्र बांधून दिलं आहे. पायरीपायरीने बघा. कायम नोकरी नसली तरी चाळिशीच्या आतल्या माणसाची कमाई पुढे वाढली असती, म्हणून पगारात ४० टक्के मिळवायचे: ३५ हजार. अविवाहित म्हणून निम्मा खर्च स्वतःवर झाला असता, तो वजा: १७ हजार ५००. वर्षाचे झाले २ लाख १० हजार. या वयाला गुणक १८. गुणाकार करा: ३७ लाख ८० हजार. याशिवाय अंत्यविधी, आईबापाच्या विरहाचे ठरलेले आकडे आणि व्याज वेगळं. सात लाख कुठे आणि अडतीस लाख कुठे!

आणि सात लाख घेतले म्हणून हा दावा बुडत नाही. हे दहावेळा सांगावंसं वाटतं. कृपेचे पैसे वेगळे, हक्काचे वेगळे. अपघात बुलढाण्यात झाला म्हणून बुलढाण्यालाच खेटे घालावे लागतात असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा टाकता येतो. म्हणजे वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात.

मुदतीचं मात्र नीट बघा. १ एप्रिल २०२२ पासूनच्या अपघातांना सहा महिन्यांची मुदत लागू झाली. पूर्वी मुदतच नव्हती. म्हणजे दुःखातून माणूस सावरेपर्यंत दार बंद! या तरतुदीला आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की उशीर झाला एवढ्याच कारणाने दावे फेटाळू नका. पण अंतरिम तो अंतरिम. त्याच्या भरवशावर झोपू नका.

‘पगाराची पावती असलेल्याचं ठीक आहे भाऊ, आमच्या कापूस वेचणाऱ्या बाईचं काय?’ रास्त प्रश्न. तिच्या मजुरीची पावती कोणी देत नाही. पण पावती नाही म्हणजे कमाई नाही, असं न्यायालय मानत नाही. किमान वेतनाच्या आधाराने कमाई धरता येते. आणि जी बाई फक्त घरचंच करते तिचंही मोल धरतात. १९८९ ला जमशेदपूरमध्ये टाटा स्टीलच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागून बायका-मुलं मेली होती. त्या लता वाधवा प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे महिन्याला ३ हजार धरले. आज तो आकडा हास्यास्पद वाटेल, पण पाणी भरणं, स्वयंपाक, म्हातारा सासरा सांभाळणं याला किंमत आहे हे तेव्हा लिहिलं गेलं. २०२१ च्या कीर्ती प्रकरणात तर आणखी ठासून सांगितलं. आपल्याकडे वकीलच कधीकधी दाव्यात लिहितात, ‘मयत काही काम करत नव्हती.’ बाईने आयुष्यभर राबावं आणि मेल्यावर नवऱ्याच्याच वकिलाने असं लिहावं!

जखमीचं गणित तर लोकांना माहीतच नसतं. डॉक्टरने दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व लिहिलं की सगळे त्या चाळीसवर अडतात. राजकुमार प्रकरणात (२०१०) न्यायालयाने सांगितलं की शरीर किती टक्के गेलं याच्यापेक्षा कमाई किती टक्के गेली ते पाहा. हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो. हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर? त्याचं शंभर टक्के गेलं. वय ३४, गवंडीकाम, महिना १५ हजार कमावणारा माणूस धरा. भविष्याची वाढ मिळवून २१ हजार, वर्षाचे २ लाख ५२ हजार, गुणक १६. कमाईची ताकद फक्त ४० टक्के गेली असं धरलं तरी १६ लाख १२ हजार ८०० होतात. इलाज, वेदना, पुढची ऑपरेशनं अजून धरलेलीच नाहीत.

आता मुद्द्याची अडचण. या गवंड्याला ट्रकने उडवलं तर ट्रकचा विमा आहे, दावा न्यायाधिकरणात जातो, हा हिशेब लागतो. पण तोच गवंडी, तीच गाडी, तोच मोडलेला पाय, आणि कारण फक्त खड्डा असेल तर? खड्ड्याला विमा नसतो. गाडी त्याच्याच नावावर आणि लायसन्स असेल तर त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत १५ लाखांपर्यंतचं वैयक्तिक अपघात संरक्षण असू शकतं, तेवढं बघून घ्या. ते मृत्यूला आणि ठरावीक मोठ्या अपंगत्वालाच लागतं. बाकी त्याला रस्त्याच्या मालकावर दिवाणी दावा टाकावा लागतो. आधी नोटीस. सरकारी खातं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिने थांबा. मग मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी. मग तारखा. म्हणून कोणी जात नाही, आणि कोणी जात नाही म्हणून खड्डा तसाच राहतो.

असे दावे होतच नाहीत असं मात्र समजू नका. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळ मनोरा १९५१ मध्ये कोसळला, माणसं दबून मेली. नगरपालिकेचं म्हणणं, आम्हाला काय माहीत तो पडणार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सांगितलं की मनोरा तुमचा, देखभाल तुमची, पडला याचाच अर्थ तुम्ही लक्ष दिलं नाही. पैसे द्यावे लागले. उलटही झालं आहे. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून माणूस मेला, १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने महापालिकेला सोडून दिलं. तेव्हा दावा टाकला की जिंकलाच, असं खोटं आश्वासन मी देणार नाही.

बाहेरच्या देशातही हेच भांडण चालतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नेल्सन नावाचं शहर आहे, आपल्या पुलगावपेक्षाही लहान. जानेवारी २०१५ मध्ये तिथे जोरात बर्फ पडला. नगरपालिकेने रस्त्यावरचा बर्फ सरकवून फुटपाथच्या कडेने ढीग लावले आणि गाडी लावून उतरणाऱ्याला फुटपाथवर जायला वाटच ठेवली नाही. एक बाई ढिगावरून जायला गेली, पाय आत रुतला, गंभीर दुखापत झाली. तिने नगरपालिकेवर दावा लावला. नगरपालिकेचं उत्तर ऐका, ओळखीचं वाटेल: बर्फ कसा काढायचा हा आमचा धोरणात्मक निर्णय आहे, बजेट मर्यादित आहे, कोर्टाने त्यात पडू नये. खालच्या कोर्टात बाई हरली. अपिलात जिंकली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की धोरण ठरवणं वेगळं आणि ठरलेलं काम धडपणे करणं वेगळं. कामात हयगय झाली तर नगरपालिकाही सामान्य माणसासारखीच जबाबदार. आणि दावा नव्याने चालवायला परत पाठवला. जखम २०१५ ची आणि २०२१ मध्ये पुन्हा पहिल्या पायरीवर! कोर्टकचेरी तिथेही गोड नाही. पण ‘आमच्यावर दावाच होऊ शकत नाही’ हे पालुपद तिथे बंद झालं.

‘निधी नाही हो’ हे आपल्याकडचं पालुपद. मुख्याधिकाऱ्यांपासून नगरसेवकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. ठीक, निधी नाही. मग जो रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला त्याचं बिल कोणत्या निधीतून निघालं? उच्च न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं आहे की ठेकेदाराकडून वसूल करा. नगर परिषदेचा एक रुपया न जाता भरपाई देता येईल, फक्त ठेकेदाराकडे मागण्याची हिंमत पाहिजे. ठेकेदार कोणाचा भाऊ आणि कोणाचा व्याही, हे आपण सगळे जाणतोच.

दुसरा आक्षेप असा की, याने भरपाईचा धंदा सुरू होईल, लोक मुद्दाम खड्ड्यात पडतील. देशात एकट्या २०२२ साली खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसं मेली, हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे. त्यातली किती मुद्दाम पडली असतील? ज्यांना भरपाईच्या अतिरेकाची भीती वाटते त्यांनी कॅनडाचंच पाहावं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये वेदनेच्या भरपाईला १ लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली, महागाईप्रमाणे ती वाढत गेली. पण सांभाळाच्या आणि बुडालेल्या कमाईच्या खर्चाला अशी मर्यादा घातली नाही. अंथरुणाला खिळलेल्या पोराला कूस बदलून द्यायला माणूस लागतो, त्याचा पगार चुकीच्या माणसाने द्यावा. आपल्याकडे तो पगार आई देते, स्वतःच्या पाठीने.

ठेकेदारावरून पुलगाव आठवलं. २० नोव्हेंबर २०१८, सोनेगाव आबाजीजवळ दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट, सहा जण मेले. त्यात आसपासच्या गावचे रोजंदारीचे मजूर होते. अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: तो आमचा कामगार नव्हता, ठेकेदाराचा होता. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, शंभरी पार केलेला, आणि त्याच्या कलम १२ मध्ये लिहिलं होतं की ठेकेदाराचा मजूर असला तरी मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते. इंग्रजांच्या काळात आलेलं हे कलम आपल्या एमआयडीसीतल्या किती मजुरांना कोणी वाचून दाखवलं?

आणि शेवटची भिंत आपल्याच घरात असते. ‘जाऊ द्या न भाऊ, गेलेला मानूस काही वापस येनार हाय का?’ किंवा त्याहून वाईट, भावकीतला कोणी टोमणा मारतो, ‘मेलेल्याच्या नावानं पैसा खाता काय?’ विधवा गप्प बसते. पोरांची शाळा सुटते. टोमणा मारणारा पुढच्या वर्षी फी भरायला येत नाही.

कोणी विमा कंपनीचा माणूस लोक अदालतीत ‘आजच मिटवा, पाच लाख घ्या’ म्हणाला तर आधी वरचा गुणाकार स्वतः करा. लोक अदालत वाईट नाही, लवकर पैसे मिळतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आणि वकील टक्केवारी मागत असेल तर लक्षात ठेवा, निकालाच्या रकमेत वाटा ठरवून केस घेणं वकिलांच्या नियमांतच बसत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, लहान मुलं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे, आणि तिथलेच सचिव या खड्डे समितीत बसतात.

अपघात झाला तर त्याच दिवशी चार गोष्टी करा. खड्ड्याचा फोटो काढा, त्यात ओळखीची खूण दिसली पाहिजे, दुकान नाहीतर किलोमीटरचा दगड. कारण दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून तो बुजवलेला असतो, एरवी न दिसणारी तत्परता तेव्हाच दिसते. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर ‘रस्त्यातील खड्ड्यामुळे पडून’ असं लिहून घ्या, नुसतं ‘दुचाकीवरून पडून’ नाही. पोलीस पंचनाम्यात खड्ड्याची लांबी-रुंदी येऊ द्या. आणि समितीला अर्ज द्या, पोच घ्या. सहा लाख ही शेवटची रक्कम नाही, इतर कायद्यांखाली मिळणारी भरपाई त्याउपर मागता येते. तो फक्त पहिला हप्ता समजा.

सहाही नगर परिषदांना माहिती अधिकारात मी अर्ज टाकतो आहे. समितीची स्थापना कोणत्या तारखेला झाली, आजवर बैठका किती, अर्ज किती आले, किती जणांना किती रुपये दिले, आणि त्यातले किती ठेकेदाराकडून वसूल केले. तीस दिवसांची मुदत आहे. ज्या नगर परिषदेचं उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकेन. जिचं येणार नाही, तिचं नाव टाकेन. ज्यांच्याकडे खड्ड्याने झालेल्या दुखापतीचे कागद आहेत त्यांनी इनबॉक्समध्ये या. नाव-पत्ता उघड्यावर कमेंटमध्ये लिहू नका.